जोमानाना आणि स्मशानाचा रस्ता

जोमानाना गावातल्या कुणालाही नावाने हाक मारत नाहीत, आकड्याने मारतात. मी वेळखारच्या ग्रामपंचायतीत ग्रामसेविका म्हणून हजर झाले त्या सकाळी टेबलावरची धूळ पुसत होते. दारातून आवाज आला, "ओ अकरावी, नवीन मॅडम आल्या काय?" आमच्या शिपाईबाई मान वर न करता म्हणाल्या, "आल्यात. चपला भायेर काढा." मला वाटलं, बाई अकरावी शिकल्या असतील. दुपारपर्यंत कळलं, की सरपंच वनिताताई बत्तिसाव्या आहेत, पोस्टमन चौथा आहे आणि किराणा दुकानदार सत्तावन्नावा.

चपला बाहेर काढून जे गृहस्थ आत आले ते सत्तरी ओलांडलेले, काटकुळे, अंगात बनियन, खाली हाफपँट आणि डोक्यावर कुठल्याशा शेतकरी मेळाव्यात मिळालेली टोपी. टोपीवरचा मजकूर धुऊन धुऊन गेलेला. त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"तुमी कुठल्या?"

"पालीची."

"म्हंजे बांध न्हाय."

"नाही. गणपती आहे."

"गनपती बरा हाय," ते म्हणाले, "पन खारं पानी अडवाचं काम त्याच्याकडं न्हाय." आणि मला कुठलाही आकडा न देता निघून गेले.

पालीला नदी आहे, डोंगर आहे, समुद्र नाही. खार म्हणजे काय ते मी इथे येऊन शिकले. खाडीला मातीचा बांध घालून मिळवलेली भातजमीन म्हणजे खार. बांधाच्या एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भात, मध्ये फक्त माती. मोठ्या भरतीला खाडीचं पाणी शेतापेक्षा उंच चढतं. बायका खाली वाकून लावणी करत असतात आणि त्यांच्या डोक्याच्या वरच्या पातळीवरून एखादी होडी जाते. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी कुणाला न सांगता बांधावर चढून उभी राहिले.

हा बांध राखायची जुनी पद्धत जोळाची. जोळ म्हणजे खारातल्या सगळ्या शेतकऱ्यांची मिळून एक व्यवस्था. बांध नऊ-साडेनऊ फुटांच्या बांबूने, म्हणजे काठीने, मोजायचा आणि जमिनीप्रमाणे काठ्या घरांना वाटून द्यायच्या. हाळी आली की प्रत्येक घरातून एक माणूस फावडं-घमेलं घेऊन आपल्या काठीवर हजर. पुढे बांध सरकारी खात्याकडे गेले, लोकांनी फावडी माळ्यावर टाकली आणि जोळ मागे पडला. काठ्या उरल्या त्या फक्त जोमानानांच्या डोक्यात. गावातलं कुठलं घर बांधावर कुठे उभं राहायचं हे त्यांना पाठ आहे, आणि त्यांच्या मते माणसाची खरी ओळख तीच. बाकी नावं काय, शाळेत घालताना मास्तर काहीही लिहितात.

मागे गावात एक प्रेमविवाह ठरत होता. मुलीचे वडील अडून बसले होते. नाना मध्यस्थीला गेले आणि म्हणाले, "एकतीस आन् बत्तीस. लगत लगत काठ्या हायत. आनखी काय पत्रिका पायजे तुला?" लग्न झालं. नानांनी आहेर म्हणून नवं घमेलं दिलं.

नानांचं आवडतं वाक्य एकच: "जाग्यावर चला." तुम्ही त्यांना नकाशा दाखवा, शासन निर्णय दाखवा, मोबाईलवर उपग्रहाचं चित्र दाखवा, ते सगळं नीट बघतात, कौतुकही करतात, आणि मग टोपी सारखी करत म्हणतात, "ते झालं. आता जाग्यावर चला." गेल्या वीस वर्षांत वेळखारला आलेला एकही अधिकारी बांध न बघता परत गेलेला नाही. एका तरुण अभियंत्याचा उजवा बूट चिखलात गेला तो निघालाच नाही. साहेब एका बुटानिशी जीपमध्ये बसले. नानांनी पुढच्या ओहोटीला तो बूट खणून काढला, धुतला, वाळवला आणि घरात देवळीत ठेवला. कुणी विचारलं की सांगायचे, "साहेब परत येनार. बूट हाय आपल्याकडं." साहेबांची नंतर नागपूरकडे बदली झाली असं मी सांगितलं, तर म्हणाले, "तिकडं एका बुटावर कसं चालत आसतील?"

त्यांचं दुसरं वेड भरती-ओहोटीचं. भेटीची वेळ घड्याळात सांगत नाहीत. "अष्टमीला या, भांग आसंल." भांग म्हणजे महिन्यातल्या सगळ्यात लहान भरतीचे दिवस. अमावास्या-पौर्णिमेला मोठी भरती, म्हणजे उधाण, आणि ते आमच्या किनाऱ्यावर भर दुपारी बारा-साडेबाराला भरतं. त्या वेळी नानांना लग्नाला, सभेला, दवाखान्यात, कुठेही बोलवा, येणार नाहीत. माझी एक ग्रामसभा नेमकी पौर्णिमेला आली. तारीख वरून ठरलेली. नानांनी निरोप धाडला: "सरकारला तिथी कलत न्हाय, मना कलते. सभा तीनला घ्या." गणपूर्ती नव्हती म्हणून सभा तहकूब झाली आणि तीनलाच घ्यावी लागली. तीन वाजता ते पायाचा चिखल पुसत आले आणि वनिताताईंना म्हणाले, "बत्तीस, चालू करा."

आता बाकड्यांचं सांगते. आमच्या भागात विकास आला की तो आधी सिमेंटच्या बाकड्यांच्या रूपात येतो. मार्च जवळ आला की बाकडी येतात. प्रत्येकाच्या पाठीवर, ते कुणाच्या प्रयत्नाने आलं, ते रंगवलेलं. वेळखारमध्ये बसून राहायला वेळ असलेली माणसं सात-आठ, बाकडी एकोणीस. एका सकाळी देवळासमोरची तीन बाकडी गायब. शिपाईबाई माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "मॅडम, बाकडी चोरीला गेली." मी म्हटलं, "अहो, बाकडं कोण चोरेल? उचलायला चार माणसं लागतात." त्या म्हणाल्या, "चार मानसं न्हाय. ट्रॅक्टर. आमच्याच दिराचा."

मी सरळ बांधाच्या वाकणावर गेले. तिथे बांध वळतो आणि लाट थेट आपटते. तिन्ही बाकडी पाण्याच्या अंगाला ओळीने तिरकी रोवलेली होती. नाना चौथ्याच्या जागेचा अंदाज घेत होते.

"नाना, ही सरकारी मालमत्ता आहे."

"मंग? सरकारी बांधावरच हाय."

"माणसांनी बसायला दिलीत ती."

"मानसं कुठं बसतात? लाट बसते बगा. रोज. दोनदा."

मी नोंदवहीत 'बाकडी स्थलांतरित' असं लिहिलं. अजून तिथेच आहेत. एकाच्या पाठीवरचं नाव ओहोटीला स्पष्ट वाचता येतं.

माझ्या अधिकारात याहून जास्त काही नव्हतं. बांध एका खात्याचा. बांधाला लागून उगवलेली तिवरं दुसऱ्या खात्याची. खाडी तिसऱ्याची. आणि भात बुडालं की पंचनामा चौथ्याचा. ग्रामपंचायतीचा संबंध एवढाच, की लोक बोल लावायला आमच्याकडे येतात, कारण आमचं ऑफिस जवळ आहे.

आणि भीती खरी होती. वेळखारला पूर्वी दोन खार होते, खाडीकडचा धाकटा आणि गावाकडचा मोठा. धाकट्याला वीसेक वर्षांपूर्वी खांड गेली, म्हणजे बांध फुटला, आणि अख्खा खार बुडाला. आज तिथे तिवरांचं रान आहे. भाताची जमीन होती हे सांगूनही खरं वाटत नाही. तेव्हापासून दोन खारांमधला आतला बांध पुढचा झाला. तो मुळात उधाण झेलायला घातलेलाच नव्हता, शेताच्या बांधापेक्षा जरासा जाड, इतकंच. तो गेला की मोठा खार जाणार. एकदा खारं पाणी शिरलं की तीन-तीन वर्षं भात होत नाही, आणि तीन वर्षं थांबायला माणसं तयार नसतात. रो-रो बोटीने मुंबईच्या गाड्या यायला लागल्यापासून जमिनीचे दलाल गावात चहा प्यायला येतात. बुडालेल्या शेताला त्यांच्या भाषेत 'सी-टच' म्हणतात.

त्या वर्षी वनिताताईंच्या मनात कमान भरली होती. गावाच्या वेशीवर काँक्रीटची स्वागत कमान. नाना माझ्याकडे आले, समोर बसले आणि म्हणाले, "मॅडम, बांधाला पैशे न्हाईत ते मना म्हाईत हाय. कशाला हायत ते सांगा."

मी वाचून दाखवलं. कमान. बाकडी. व्यायामाची साधनं. स्मशानशेड आणि स्मशानाकडे जाणारा रस्ता.

"थांबा," नाना म्हणाले. "रस्ता कसला?"

"माती-मुरमाचा भराव, दोन्ही अंगांच्या उतारावर दगड बसवून पिचिंग."

नानांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "स्मशान कुठं पायजे आसा नेम हाय काय?"

"ग्रामपंचायतीच्या नावावर जागा हवी. आणि वहिवाटीची वाट हवी."

"मंग बांधाच्या टोकाला करा."

माझ्या लक्षात यायला क्षणभर वेळ लागला. स्मशान बांधाच्या टोकाला असेल, तर तिथे जायचा रस्ता म्हणजे बांधच. रस्त्याला भराव म्हणजे बांधाला भराव. मी सरकारी नोकरीत पंचवीस वर्षं काढली आहेत, पण इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती.

"नाना, एवढ्या लांब कोण नेईल?"

"मेलेला मानूस तक्रार करतो काय?"

गरज खोटी नव्हती. आमचं जुनं स्मशान खाडीकाठी, उधाणात पाण्याखाली जाणारं. मेलेल्या माणसालाही ओहोटीची वाट बघत अंगणात पडून राहावं लागे. तरी ग्रामसभेत गोंधळ झालाच.

वनिताताई म्हणाल्या, "नाना, सगल्या गावांना कमानी हायत. आपलं गाव कुठं चालू व्हतं तेच कलत न्हाय."

"पानी शिरलं का कलंल, कुठं सपतं ते."

"पन येवड्या लांब, पावसात, खांद्यावर…"

"पयला मी जातू. मंग तुमी सवय करा."

सभा हसली. मागून कुणीतरी ओरडलं, "नाना, कंदी जातंस ते सांग, त्या दिवशी सुट्टी टाकतू." नाना म्हणाले, "सत्तावन्न, तू नको येऊ. तू खांदा देताना बोलत बसशील." ठराव मंजूर झाला. कमान पुढच्या वर्षावर गेली. वनिताताई मला बाहेर म्हणाल्या, "मॅडम, ह्या मानसानं मना कमानीवरून स्मशानात नेलं." पण सही त्यांनीच पहिली केली. शेवटी त्यांचंही भात मोठ्या खारातच आहे.

जागा नानांनी दिली. बांधाच्या टोकाला त्यांचा एक उंच तुकडा होता, पूर्वीच्या खळ्याचा, जिथे भात झोडपायचे. बक्षीसपत्रासाठी मी तलाठ्यांकडे सातबारा मागायला गेले. त्यांच्या पदाचं नाव आता बदललंय, माझ्याही, पण लोक जुन्याच नावाने ओरडतात. तलाठ्यांनी उतारा काढला आणि म्हणाले, "मॅडम, एवढंच वर आहे त्यांचं. बाकी तीन एकर धाकट्यात, तिवराखाली."

"आणि मोठ्या खारात?"

"मोठ्यात नानांचा गुंठाही नाही."

मी उतारा पुन्हा एकदा वाचला. आठ वर्षं मी समजत होते, की हा माणूस आपलं शेत वाचवायला धडपडतोय. त्यात गैर काही नाही, सगळेच ते करतात. पण रोज दोनदा बांधावरून फिरणाऱ्या, बाकडी पळवणाऱ्या, अधिकाऱ्यांचे बूट सांभाळणाऱ्या या माणसाचं त्या बांधामागे काहीही नव्हतं. घरी एकटेच. मुलगा उरणला कंटेनर यार्डात, सून-नातवंडं तिकडेच. बायको हिराबाई मी यायच्या आधीच गेलेली.

मी विचारलंही. अलिबागला नोंदणी कार्यालयात बाकावर बसलो होतो. "नाना, तुमचं मोठ्या खारात काही नाही, मग एवढं कशासाठी?" ते म्हणाले, "आज त्रयोदशी. घरी जाऊन एक फेरी मारायला पायजे." तेवढ्यात आत बोलावलं. साहेबांनी विचारलं, "आजोबा, जमीन कुणाच्या दबावाखाली देत नाही ना?" नाना म्हणाले, "न्हाय साहेब. मना लागनार हाय म्हनून देतू." फोटो काढताना टोपी काढायला सांगितली तेव्हा मात्र कुरकुरले.

काम उन्हाळ्यात झालं. मशीन आलं, मुरूम आला, वाकणावर नवा भराव पडला, पिचिंग बसलं. शेड उभी राहिली. तिचा वापर अजून कुणी केलेला नाही. गावातले म्हातारे एकमेकांना आग्रह करतात. नाना रोज ठेकेदाराच्या मुकादमाच्या मागे. मुकादम बीडचा, समुद्राला घाबरणारा. नाना त्याला म्हणायचे, "जुन्या-नव्याचा जोड नीट चेप. जोड सुटला का सगलं सुटलं." तो म्हणायचा, "बाबा, मशिनीने दाबलंय, मी नाही दाबलं." जाताना त्याने वाकणावरच्या जोडाच्या दोन्ही अंगांना चुन्याने खुणा मारल्या आणि सगळ्यांना बजावलं, साहेब अंतिम मोजमापाला येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, माती कमी-जास्त झाली तर सगळं अडकेल. मीही ग्रामपंचायतीच्या फलकावर तशी सूचना लिहिली. साहेबांकडे दोन तालुके. पाऊस लागला, ते येतो येतो म्हणत राहिले. शेवटी एक सोमवार ठरला.

त्या सोमवारच्या आधी आषाढाची अमावास्या आली, म्हणजे गटारी. श्रावण लागायच्या आधीचा मटण-कोंबडीचा दिवस. दुपारी बारा वाजता वेळखारमध्ये एकही पुरुष कामाचा नव्हता आणि एकही बाई चुलीपासून मोकळी नव्हती. बांधावर दोनच माणसं. नाना, कारण उधाण. आणि मी, कारण वरून फोन आला होता की कामाचे फोटो, ठिकाणाच्या नोंदीसह, दोनच्या आत पाठवा.

पाऊस थांबलेला होता. पाणी काठोकाठ चढलं होतं, जवळजवळ बांधाच्या माथ्याशी. मी मोबाईल वर धरून वाकणापाशी आले आणि बघते तर नाना शेताच्या अंगाला उतरलेले, घोट्याएवढ्या चिखलात. जुन्या आणि नव्या मातीच्या जोडातून बोटभर जाड पाणी शेतात येत होतं. नाना फावड्याने चिकणमाती काढून घमेल्यात भरत होते आणि जोडावर ओतत होते. एक चुन्याची खूण पार पुसली गेली होती, दुसरीवर त्यांचा पाय होता.

मी ओरडले, "नाना! हात लावू नका! सोमवारी मोजमाप व्हायचंय!"

ते थांबले. भरलेलं घमेलं कमरेशी धरलेलं, तसेच. मला वाटलं, ऐकू आलं नाही. म्हणून मी पुन्हा म्हटलं, "मोजमाप होऊ दे, मग काय ते करा."

"आसंच," नाना म्हणाले. "ह्येच बोल्लू मी."

"कुणाला?"

"हिराला."

मी बांधावर, ते खाली. पाणी येतच होतं. नाना माझ्याकडे न बघता, तिवरांच्या रानाकडे तोंड करून बोलत होते, नेहमीच्याच आवाजात, जणू कुणाची काठी कुठली ते सांगताहेत.

"धाकट्याला खांड गेली तवा येवडीच व्हती. हातभर. जोलाचा कारभारी मी. चालीस मानसं घमेली घेऊन आली. मी परत धाडली. म्हनलं, इस्टिमेट मंजूर हाय, साहेब येनार हायत, हाय तशी खांड मोजनार हायत. आपून माती टाकली तर मोजमाप बिघडंल, काम जाईल. मानसं माझं ऐकायची. गेली. हिरा न्हाय गेली. घमेलं घेऊन हुबी ऱ्हायली, तितं, आपल्या खल्यावर. म्हनाली, आपून दोघं टाकू, किती लागतंय. मी तिला ओरडलू. चारचौघांत. आन् खांडीवर राखन बसलू, कुनी हात लावू नये म्हनून. तीन दिस."

"मग?"

"मंग आमावस आली. हातभराची दहा काठ्या झाली. साहेब अष्टमीला आलं. टेप लावली." नानांनी घमेलं खाली ठेवलं. "मोजमाप बरोबर आलं."

बोटभर पाणी एव्हाना मनगटाएवढं झालं होतं. त्याच्याबरोबर मुरूमही सुटून येत होता, लाल. नाना त्याच्याकडे बघत होते, पण हात हलत नव्हते. माझं ओरडणं त्यांच्यावर असं बसलं होतं, की त्यांना पुढे काय करायचं तेच सुचत नव्हतं. आठ वर्षांत या माणसाला नुसतं उभं असलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

पुढचं आधीच सांगून टाकते, उगाच जीव टांगणीला नको. बांध राहिला. सोमवारी साहेब आले, चुन्याच्या खुणा शोधू लागले. मी म्हटलं, उधाणात गेल्या. नाना काही बोलायच्या आत मी त्यांना चहा सांगायला पाठवलं. साहेबांनी टेप लावून जे भरलं ते लिहून घेतलं. वरून दोन दिवसांनी फोन आला, की फोटो वेळेत आले नाहीत आणि जे आलेत त्यात कॅमेऱ्यावर चिखल दिसतो. मी लेखी खुलासा दिला. मोसमी हवामान.

पण त्या दुपारी यातलं काही ठाऊक नव्हतं. मी मोबाईल पर्समध्ये टाकला, पर्स पिचिंगच्या दगडावर ठेवली, ओढणी कमरेला बांधली आणि उतरले. उतरले म्हणजे घसरले. चप्पल कुठे गेली ते बघायला वेळ नव्हता.

"नाना, माती कुठली घेऊ?"

ते बघतच राहिले.

"अहो, कुठली? ही काळी की ती खालची?"

"खालची," ते म्हणाले. "चिकट बगून घ्या." आणि फावडं उचललं.

त्यांनी खणायचं, मी वाहायचं. जोडाशी नेऊन ओतायचं, टाचेने दाबायचं, परत यायचं. चौथ्या फेरीलाच माझी कंबर बोलायला लागली. मी शाळेत असताना डोक्यावरून पाण्याच्या कळशा आणल्या आहेत, पण ओली चिकणमाती वेगळी. ती घमेल्यातून सुटता सुटत नाही. पाणी कमी होतंय की वाढतंय ते कळत नव्हतं. गावातून रश्श्याचा वास येत होता आणि कुणाच्या तरी घरी मोठ्याने गाणी लागली होती.

पाचव्या खेपेला मी घमेलं काठोकाठ भरून घेतलं, कारण मला वाटलं, खेपा वाचतील. दोन पावलांवर गुडघ्यात वाकले. नानांनी ते माझ्या हातातून घेतलं, अर्धी माती खाली ओतली आणि परत माझ्या हातात दिलं.

"येवडं नका भरू मॅडम," ते म्हणाले. "हिरा आर्धंच भरायची. पन थांबायची न्हाय."